मशीनचं शिळं पाणी

लेझर मशीन नीट कापेनाशी झाली, त्याच आठवड्यात सासूबाईंच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी दोन्ही कामं वेगळी धरली. त्यांची साखर तपासायची, मशीनची लेन्स पुसायची.

दारव्ह्याच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, मी हौसेने नावाच्या पाट्या कापते. तीन मिलिमीटरचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, पूर्वी किरणाच्या एका फेरीत कापून सुटायची. आता तीन फेऱ्या मारल्या तरी मागची बाजू नुसती तपकिरी. लेन्स पुसली, आरसे पुसले, किरण मध्यावर पडतो का ते कागदी टेप चिकटवून पाहिलं. सगळं जागेवर. मशीनवरच्या विजेच्या मीटरचा काटाही पूर्वीइतकाच चढत होता. म्हणजे वीज किरण तयार करणाऱ्या काचेच्या ट्यूबकडे निघत होती, पण किरणात पुरती उतरत नव्हती. मग उरलेली जात कुठे होती?

मशीन चालू ठेवूनच मी खाली बघितलं. ट्यूब थंड ठेवायला पंपाने बादलीतलं पाणी फिरवतात. बादलीच्या काठावर पांढरी कड धरली होती. मी तर डिस्टिल्ड पाणी भरलं होतं. त्यात क्षार कुठून?

सासूबाई दारातच होत्या.

“आई, हे पाणी कोणी बदललं?”

“मीच. शिळं पाणी घरात कायले ठेवा? रोज सकाळी सांडतो अन् बोरचं ताजं भरतो.”

क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते. ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात.

“अन् थंड हाय का नाही, हात घालून पायतो. तापू देऊ नका, असं तूच तं सांगतलं,” असं म्हणत त्या आत येऊन ओल्या फरशीवर अनवाणी बादलीकडे वाकल्यासुद्धा.

“हात नका घालू!” मी लाल बटण दाबलं. घरघर थांबली. त्यांची बोटं पाण्याच्या जरा वर होती.

“काहून वरडतं वो? पाणीच हाय, साप हाय का?”

मी त्यांचा हात धरून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“इतके दिवस मले काही झालं का? मुंग्याच तं येतात.”

पाणी बदललं, अर्थिंग नव्याने करून घेतलं. पाटी पुन्हा एका फेरीत सुटते. खोलीला मी कुलूप लावते. तरी सकाळी झाडझूड आटोपली की स्वयंपाकघरात मला मागच्या खोलीच्या दाराशी भरलेली बादली टेकल्याचा आवाज येतो, आणि मग कुलपाची कडी हलते.