चटणी मिळेल

ही गेली त्याला दोन महिने झाले, तरी बाया चटणीला यायच्याच. दारात उभ्या राहून "आक्का" म्हणून हाक मारायच्या. मी पलंगावरून उठायचो, सांगायचो, परत बसायचो, परत उठायचो. बूड टेकत नव्हतं कुठं.

चूक बायांची नव्हती. धाकटी लेक बेळगावात कॉम्प्युटरचं काम करते. तिनं आईसाठी पुढच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर करून दिलेला. म्हणजे कुणी फोनवर पत्ता उघडला की आमच्या घरातला कॉम्प्युटर जबाब देणार. जबाब एकच, हिनं सांगितलेला: 'कांदा-लसूण चटणी मिळेल. दारात हाक मारा.'

तो बदलायचा होता. मी चौथीपर्यंत गेलेला. लेकीनं फोनवरून फाइल उघडायला लावली, तेवढी ओळ सोडून कशाला हात लावू नका म्हणाली. एका बोटानं बडवून लिहिलं, 'चटणी बंद.' सेव्ह केलं. फोनवर पत्ता उघडून बघतो तर चटणी मिळेल. परत सेव्ह केलं. चटणी मिळेल.

तुझं यंत्र मुर्दाड आहे, म्हणून लेकीवर खेकसलो. तिनं समजावलं, नोड नावाचा प्रोग्राम सुरू होताना फाइल एकदाच वाचतो आणि तेच धरून बसतो. मागनं काय बदललं त्याला कळत नाही.

"मग सांग की त्याला."

"तसं न्हाय सांगता येत, आप्पा. बंद करून परत सुरू करायचा. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कंट्रोल दाबून धरा आणि सी दाबा."

कंट्रोल दाबलं. सी दाबवेना.

"कवापास्नं चालू हाय ह्यो?"

"आई दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सुरू केलता. इन्व्हर्टरवर हाय, थांबलाच न्हाय."

फोन तसाच ठेवून अंगणात दोन चकरा मारल्या. तेवढ्यात हाक आली. सदलग्याची बाई, हातात रिकामी बरणी. ही गेली म्हणून तोंडावर सांगून टाकलं. ती पायरीवर बसली.

मग म्हणाली, "एवढ्या लांबनं आले, अण्णा. पाणी तरी द्या."

तांब्या दिला. प्याली, डोळे पुसले, बरणी घेऊन गेली.

मी आत जाऊन 'चटणी बंद' खोडलं. लिहिलं, 'चटणी करणारी गेली. आत या, पाणी पिऊन जावा.' सेव्ह केलं. कंट्रोल धरलं, सी दाबलं. लेकीनं सांगितलेली नोड सुरू करायची ओळ त्याच खिडकीत बडवली.

फोनवर नवा जबाब आला. उठलो आणि तांब्या भरून दाराशी ठेवला.