भागूच्या बोटावरचा आकडा

हे लिहायची माझी लायकी नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, सायन्सचाही नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातला कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे बहिणीची फाईल आणि मशीन माझ्याकडे आलं, एवढाच माझा अधिकार. पण ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आजार कळला तेव्हा माझी बहीण भागू दोन वर्षांची होती. पोट फुगलेलं, आणि सकाळी उठवलं की अंग घामाने ओलं. सुरतच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तिचं पोट दाबून लिव्हर कुठपर्यंत वाढलंय ते दाखवलं. तपासण्यांनंतर नाव सांगितलं, ग्लायकोजन स्टोरेज डिसीज. आपलं लिव्हर साखर साठवतं आणि उपाशी असलो की रक्तात सोडतं. भागूचं लिव्हर साठवतं, पण सोडत नाही. खायला उशीर झाला की रक्तातली साखर घसरते. त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. फार घसरली तर फिट येते, मेंदूला इजा होते.

आजार आईवडील दोघांकडून येतो, असं कळल्यावर मम्मीने पदर तोंडाला लावला. मॅडम म्हणाल्या, "किसी की गलती नहीं है, बहन. रोना बाद में. पहले मशीन सीखो."

ते मशीन म्हणजे ग्लुकोमीटर. बोट टोचायचं, पट्टीला थेंब लावायचा, आकडा बघायचा. सत्तरच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मक्याचं कच्चं पांढरं पीठ, म्हणजे हळूहळू साखर सोडणारा कॉर्नस्टार्च, थंड पाण्यात कालवून ठरलेल्या वेळी पाजायचं. साखर, गूळ, दूध, फळं बंद. पाच वर्षं आम्ही असेच जगलो. आकडा चांगला आला की घरात टीव्ही लागायचा.

मागच्या गणपतीत सुरतच्या गोडादरा भागातल्या आमच्या गल्लीत मंडळाने प्रसाद वाटायचं काम भागूला दिलं. मंडळाचे नानाकाका म्हणाले, "आपली पोरं वाटता वाटता निम्मा प्रसाद पोटात घालतात. जी खात नाही तिलाच द्या." सगळे हसले. भागूला मात्र फार मान वाटला. त्या दिवशी कोणाच्या तरी गावाकडून केळ्यांचा घड आला होता. तिने आरतीआधीच बसून केळी सोलली, मोडली, मोठ्या ताटात ठेवली. एक तुकडाही तोंडात घातला नाही. आणि त्या गडबडीत तिची पिठाची वेळ टळली.

मी क्लासवरून आलो तेव्हा ती ताट घेऊन उभी होती, पण वाटत नव्हती. चेहरा पांढरा, ओठांवर घाम. "भागू, काय होतंय?" तर नुसती बघत राहिली. उचलून घरात आणली. शिकवल्याप्रमाणे स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं, टोचलं.

एकशे अठरा.

मम्मी घरच्या अहिराणीत म्हणाली, "आकडा तर चांगला शे ना?" मी हो म्हणालो. मलाही तेच हवं होतं. थकली असेल म्हणून तिला आडवं केलं. पण तिची मान माझ्या हातावरून घरंगळली. समोर आकडा चांगला होता आणि समोरच पोरगी जात होती. यातलं खरं काय ते मला कळेना. मी मॅडमना फोन लावला.

"हाथ धोया था उसका?" मॅडमचा पहिला प्रश्न.

"स्पिरिटने पुसलं."

"स्पिरिट से नहीं जाता. क्या पकड़ा था हाथ में?"

"केळी."

"साबुन से धो, दूसरी उंगली ले. फोन मत काट."

मम्मीने तांब्याने पाणी ओतलं. मी साबण लावून तिची बोटं चोळली आणि परत टोचलं. आकडा आला चौतीस. पहिल्या वेळी पट्टीने बोटावरचा केळ्याचा गोडवा मोजला होता.

म्हणून हात जोडून सांगतो, आधी साबण आणि पाणी, मगच टोचा. आणि मूल बरं दिसत नसेल तर आकडा कितीही चांगला असो, विश्वास ठेवू नका.

ती गिळत नव्हती, त्यामुळे मॅडमनी तोंडात काही घालू दिलं नाही, लगेच घेऊन यायला सांगितलं. रिक्षात तिला एक झटका आला. मी तिचं नाव घेत राहिलो. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, आकडा वर आला, पण डोळे उघडेनात. मॅडम म्हणाल्या, "दिमाग को कितना समय शुगर नहीं मिली, पता नहीं. होश में आके पहचाने, ठीक से बात करे, तब बोलूँगी."

आत एकालाच सोडत होते, म्हणून मम्मी गेली. पप्पा कापडाच्या लूमवरून तसेच आले, केसांत धागे. त्यांनी मला विचारलं, "मशीन खोटं बोलतं का रे?" माझ्या शर्टाला अजून केळ्याचा वास येत होता. शेजारी नानाकाका बसले होते. मी मनात ठरवत होतो की बोलली नाही तरी चालेल, मला ओळखलं नाही तरी चालेल. आणि लगेच वाटायचं, नाही चालणार.

मग मम्मीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे मी फोन पप्पांच्याही कानाजवळ धरला.

"डोया उघडात तिनी," मम्मी म्हणाली. "इचारी ऱ्हायनी, सगयास्ले परसाद भेटी गया का?"