पॅकिंगमध्ये सुधारणा नाही

टेबलावर फॉर्मचे तीन गठ्ठे होते आणि तिन्ही गठ्ठ्यांतला प्रत्येक माणूस सुखी होता. काम आवडतं? पूर्ण सहमत. साहेब ऐकून घेतात? पूर्ण सहमत. पाळीच्या वेळा सोयीच्या आहेत? रात्रपाळी करून सकाळी लाल डोळ्यांनी बस पकडणारेसुद्धा पूर्ण सहमत. तिसरा गठ्ठा मी अर्ध्यावर सोडला आणि चहा मागवला.

कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर मेहतासाहेब मात्र खुशीत होते. "जोयुं मॅडम? बधा खुश छे," म्हणाले. एवढे खूश आहेत तर निम्मी माणसं दांड्या का मारतात, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्यापुढे खारी बिस्किटांची बशी सरकवली.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बडोद्याच्या एका कॉलेजात इंडस्ट्रियल सायकॉलॉजी शिकवत होते. म्हणजे कामाच्या जागी माणूस कसा वागतो, कशाने रमतो, कशाने वैतागतो, याचा अभ्यास. गोत्रीच्या आमच्या सोसायटीत हे कुणाला पटत नसे. सायकॉलॉजी म्हटलं की शेजारीण आपल्या झोप न लागणाऱ्या सासूला घेऊन यायची. करजण रोडवरच्या या कारखान्यात विजेचे स्विच बनायचे. बाजार नुकता खुला झाला होता, मांडवीतल्या दुकानांत बाहेरच्या कंपन्यांचे गुळगुळीत स्विच दिसू लागले होते. मालकांना घाम फुटला होता. ऑर्डरी होत्या, पण कामावर माणसं पुरेशी नसत. कारण शोधायला मला बोलावलं होतं.

मेहतासाहेब उठून गेल्यावर मी एकटीच चहा पीत बसले होते, तेव्हा पॅकिंग खात्याचे फोरमन सावंत समोर येऊन उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. वडील रेल्वेच्या नोकरीमुळे कोकणातून बडोद्याला आलेले. आठवडाभर ते मला बेन म्हणत होते, मी मराठी आहे हे कळल्यापासून ताई झाले होते.

"ताई, रागावू नका. फॉर्मवर नाव लिहू नका म्हणता, आणि पछी खाली जन्मतारीख विचारता. माझ्या तारखेला जन्मलेला या फॅक्टरीत दुसरा कोण आहे?"

मी ओशाळले. वयोगट पाडायला म्हणून मी जन्मतारीख आणि नोकरीला लागल्याचं वर्ष विचारलं होतं. याच चुकीबद्दल मी विद्यार्थ्यांचे मार्क कापत असे. आपण ओळखले जाऊ अशी शंका आली की माणूस खरं उत्तर देत नाही, निभावून नेणारं उत्तर देतो. आमच्या शास्त्रात याला लांबलचक नाव आहे. शॉप फ्लोअरवरचे कामगार त्याला 'माथाकूट नको', म्हणजे नसती कटकट नको, म्हणतात.

मग सगळं पुन्हा केलं. नाव नाही, तारीख नाही, वर्ष नाही. फक्त खात्याप्रमाणे कागदाचा रंग वेगळा. मोल्डिंगला गुलाबी, असेंब्लीला हिरवा, पॅकिंगला पिवळा. कॅन्टीनमध्ये कुलूपबंद पेटी ठेवली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. कोणी काय सांगितलं ते साहेबांना कळणार नाही, असं मी प्रत्येक खात्यात उभं राहून सांगितलं.

आता कागद बोलायला लागले. काहींनी तर समासातसुद्धा लिहिलं होतं. जेवण, पंखे वगैरे तक्रारी होत्याच, पण मुख्य दुखणं पाळीचं होतं. महिन्याचा पाळीतक्ता ऑफिसातून यायचा आणि त्यात तसूभर बदल व्हायचा नाही. मेव्हणीचं लग्न असो की पोराची परीक्षा. विचारून उपयोग नाही म्हटल्यावर माणूस न विचारता घरी राहायचा.

पिवळे कागद तेवढे वेगळे निघाले. पॅकिंगवाले पहिल्या खेपेला सुखी होते आणि आताही सुखीच होते. हजेरीही तेच सांगत होती. मेहतासाहेब उडालेच. तिथे काय फॉर्म्युला आहे तो शोधून काढा म्हणाले. नाही सापडला तर पॅकिंगची माणसं बाकीच्या खात्यांत वाटून टाकू, चांगल्या सवयी आपोआप पसरतील, हा त्यांचा स्वतःचा फॉर्म्युला.

दोन दिवस मी पॅकिंगमध्ये स्टुलावर बसून राहिले. तेच पंखे, तोच चहा. सावंतही काही गोड बोलणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी फाटलेला फॉर्म चिकटवायला टेप हवी होती म्हणून मी त्यांचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला शाळेतली असते तशी पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूने गुजरातीत नावांच्या जोड्या लिहिल्या होत्या आणि प्रत्येक जोडीपुढे तारीख.

सावंत मागे येऊन उभे होते. त्यांनी कपाट हळूच बंद केलं आणि सगळं सांगितलं. ऑफिसचा तक्ता बोर्डावर लागायचा. मग ज्याला अडचण असेल तो आपल्याला बदली माणूस शोधायचा, दोघांनी मिळून सावंतांसमोर यायचं आणि नावं पाटीवर चढवायची. माणसं मोजून पुरी भरत, त्यामुळे ऑफिसला काही दिसत नसे. हे सात वर्षं चाललं होतं.

"असेंब्लीत एकाने परस्पर पाळी बदलली तर चार्जशीट मिळाली त्याला," ते म्हणाले. चार्जशीट म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, नोकरीवरही बेतू शकतं. "माझी दोन वर्षं राहिली, ताई. तुम्ही म्हणालात, कोणी सांगितलेलं बाहेर जाणार नाही. ही पाटी त्यात येते का?"

येते, असं मी म्हटलं खरं. पण बसमधून घरी जाताना मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. लिहिलं तर सावंत जाणार. नाही लिहिलं तर खातं वाटलं जाणार आणि पाटीही जाणार. आणि या माणसाने माझी चूक चारचौघांत न बोलता एकटं गाठून सांगितली होती, हे डोक्यातून जात नव्हतं.

सोमवारी मी मेहतासाहेबांना सांगितलं की पॅकिंगबद्दल मला जे कळलंय ते विश्वासाने कळलंय, रिपोर्टात येणार नाही. त्यांचा चेहरा पडला. मग मी प्रयोग सुचवला. तीन महिने सगळ्या खात्यांत माणसांनी फोरमनसमोर आपसांत पाळ्या बदलायच्या, ऑफिसने फक्त नोंद ठेवायची.

"आमां तो अंधाधूंधी थई जशे."

"झाली तर बंद करा. तीनच महिने."

"पॅकिंगमध्ये पण?"

"सगळीकडे एकच नियम हवा, साहेब. नाहीतर तुलना कशी करणार?"

त्यांना बाहेरच्या कंपन्यांचे स्विच आठवले असावेत. त्यांनी सही करून सर्क्युलर काढलं. त्याच दुपारी सावंतांनी पाटी कपाटातून काढून भिंतीवर खिळ्याला लावली. मला इतकं हलकं वाटलं की मी कॅन्टीनमधली खमणाची दुसरी प्लेट घेतली.

तीन महिन्यांनी मोल्डिंगच्या दांड्या कमी झाल्या, असेंब्लीच्याही. मेहतासाहेबांनी स्वतः रंगीत आलेख काढला. गुलाबी रेघ छान उतरली होती, हिरवी त्याहून छान. पिवळी जिथे होती तिथेच सरळ.

"पॅकिंगमां कंई फरक नथी," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "सावंत जुना माणूस. नवी पद्धत स्वीकारत नाही."

मी त्यांना सीलिंग इफेक्ट समजावला. ज्याचं डोकं आधीच छताला टेकलंय त्याची उंची आणखी वाढलेली दिसणार कशी? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सावंतांना ट्रेनिंगची ऑर्डर काढली. विषय, पाळ्या आपसांत कशा बदलाव्यात. शिकवणार मी.

सावंत इस्त्रीचा शर्ट घालून, नवी वही घेऊन पहिल्या रांगेत बसले. मी फळ्यावर लिहीन ते सगळं त्यांनी उतरवून घेतलं. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होते, नाहीतर हसू फुटलं असतं. चहाच्या सुट्टीत ते जवळ आले.

"चांगलं शिकवता, ताई. एकच राहिलं. ज्याने पाळी घेतली त्याने महिन्याच्या आत परत करायची, ते सांगा. नाहीतर भांडणं होतात."

चहानंतर मी ते शिकवलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या मेहतासाहेबांनी ते लगेच लिहून घेतलं.

दोन वर्षांनी सावंत हारतुरे घेऊन निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला आपल्या फाइलमधला शेरा दाखवला: प्रशिक्षणानंतर प्रगती समाधानकारक. मी मात्र त्या दिवसापासून कुठल्याही आलेखात सपाट रेघ दिसली की आधी त्या खात्यातलं कपाट उघडून बघते.