नळी जड का झाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मन हलकं करायला सांगतोय असं समजू नका. स्वतःची चीड येते म्हणून सांगतोय, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

बहात्तरचा दुष्काळ. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात मी आणि सुखदेव रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होतो. सुखदेव खर्ड्याचा. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. आमच्या विभागप्रमुखांच्या तोंडी मात्र त्याच्या जातीचं जुनंच नाव असायचं, तेही तो खोलीबाहेर गेला की. मी ते ऐकून हसायचो. हो, हसायचो.

सुखदेवनं एका जुन्या तराजूला काचेची नळी टांगून चुंबकत्व मोजायची सोय केली होती. नळीत संयुगाची पूड भरायची, खाली चुंबक सरकवून आणायचं आणि वजन बघायचं. निकेलची बरीच संयुगं ओढली जातात, नळी जड होते. पण एक लालभडक संयुग आहे — त्यातले इलेक्ट्रॉन सगळे जोडीनं बसलेले — ते ओढलं जात नाही. उलट नळी किंचित हलकी होते. सुखदेवच्या वहीत महिनाभराचे आकडे होते, प्रत्येक वेळी हलकी. त्या वहीच्या जोरावर तो पुण्याला संशोधनाला जाणार होता. जागा एकच होती, आणि ती ठरवायला पुण्याचे एक प्राध्यापक येणार होते.

डिस्टिल्ड पाणी करणं माझ्याकडे होतं. नळ कोरडे, म्हणून टँकरचं पाणी लोखंडी पिंपातून बादलीनं काढून उकळायचं आणि वाफ जमणारं भांडं थंड ठेवत दोन तास उभं राहायचं. प्राध्यापक यायच्या आदल्या दिवशी मी उभा राहिलो नाही. मॅटिनीला गेलो. आणि सकाळी संयुगं धुवायच्या पाण्याची बाटली त्या पिंपातल्या पाण्यानं भरून ठेवली. दिसायला स्वच्छच होतं. गंज काय, डोळ्यांना दिसतो थोडाच?

पाहुण्यांसमोर सुखदेवनं लाल संयुग ताजं केलं, गाळलं, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, वाळवलं, नळीत भरलं. चुंबक आत सरकवलं. नळी जड झाली. पुन्हा केलं — पुन्हा जड. चुंबक गंजाला ओढतं, नळी जड व्हायला त्याचे चार कण पुरतात हो, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, मग वहीतले आकडे प्रयोग न करता बसूनच लिहिलेले दिसतात.

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. घाबरला की त्याच्या तोंडी गावाकडची बोली यायची.

"वसंता, पानी डिस्टिल्डच व्हतं ना?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. त्यानं पुन्हा करून दाखवायची परवानगी मागितली, पण पाहुण्यांची गाडी पाचची होती. चहा घेताना विभागप्रमुखांनी 'या लोकांचं' असं काहीसं सुरू केलं आणि पाहुण्यांनी मान हलवली. चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. त्यांच्या अंगावर टाकावासा वाटला, असं मी पुढं स्वतःला कितीदा सांगितलंय — खोटं आहे ते. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

काळच तसा होता, असं कुणी म्हणू नये. काळानं बाटली भरली नव्हती. दुष्काळानंही नाही. आणि विभागप्रमुख नीच होते म्हणून मी चांगला ठरतो का? त्यांना हवं होतं ते खोटं मी त्यांना आयतं नेऊन दिलं.

सुखदेवनं वर्ष संपायच्या आत नोकरी सोडली. एका साखर कारखान्यात उसाचा रस तपासायला लागला, असं ऐकलं. जाताना त्यानं ती वही मला दिली. तुला उपयोगी पडेल म्हणाला. त्याला माझा संशय आला होता की नव्हता? मला माहीत नाही. विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

पुण्याची जागा मला मिळाली.

तिथं पाणी स्वच्छ होतं. पहिल्याच आठवड्यात मी ते लाल संयुग केलं, नळीत भरलं, चुंबक सरकवलं. नळी हलकी झाली. वही काढून बघितली — सुखदेवचा आकडा आणि माझा आकडा एकच. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या तक्त्यात तो पहिल्या ओळीत छापलेला आहे. प्रबंधाच्या सुरुवातीला मी सगळ्यांचे आभार मानले आहेत, त्या विभागप्रमुखांचेसुद्धा. सुखदेवचं नाव त्यात कुठेही नाही.