पॉजवरचा अंगठा

एडिसनहून सकाळी निघणाऱ्या ट्रेनमध्ये माझ्यासमोर एक म्हातारे गोरे गृहस्थ बसायचे. हातात कॅसेटचा जुना वॉकमन. गाणं संपत आलं की त्यांचा अंगठा बटणाकडे जायचा आणि तिथेच थांबायचा. आधी मला त्याचं हसू यायचं. एकदा न राहवून विचारलंच, रोज काय ऐकता?

"रेडिओवरून टेप केलेलं रॉक. आमच्या गावात छोटं स्टेशन होतं. तिथे निवेदक मनाला येईल ते लावायचे. रविवारी दुपारी निवेदक म्हणून माझी बायको असायची. आता ती नाही."

"मग टेपवर त्यांचा आवाज असेल ना?"

"गाणं संपून ती बोलायला लागली की मी पॉज दाबायचो. टेप कशाला वाया घालवायची? ती काय, संध्याकाळी घरी येऊन बोलणारच होती."

मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला. गिटार विरत गेली. एका बाईने श्वास घेतला, अर्धा शब्द उच्चारला, आणि लगेच पुढचं गाणं सुरू झालं.

तो अर्धा शब्द मी ऐकला, हे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

"तिथे माझा अंगठा जरा उशिरा पडला," ते म्हणाले, आणि त्यांनी टेप पुन्हा मागे घेतली.