रजई, काच आणि माझं पत्रक

"हे लेबल आहे की दुसरी रजई?" फ्राउ केलरनी विचारलं.

मी शिडीवर होते. हातातला पुठ्ठा खरंच मोठा होता. स्टुटगार्टच्या एका म्युझियममध्ये मी असिस्टंट होते आणि फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, आमच्या प्रमुख. लेबल म्हणजे चित्राशेजारची माहितीची चिठ्ठी. तिच्यात क्रांती बसवायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, दोनदा.

रजई एका आफ्रिकन-अमेरिकन बाईंनी शिवलेली होती. अशा रजईला स्टोरी क्विल्ट म्हणतात. आपल्या गोधडीसारखीच, थरांवर थर ठेवून टाचलेली. फक्त तिच्यात कापडाच्या तुकड्यांची माणसं असतात आणि काठावर त्यांची गोष्ट लिहिलेली असते. या रजईत लॉन्ड्रीतल्या काळ्या बायका एका हॉटेलच्या चादरी वाळत घालत होत्या. त्या हॉटेलात त्यांना स्वतःला खोली मिळत नसे.

फ्राउ केलरना ती हस्तकलेच्या दालनात, काचेच्या पेटीत, किटल्यांच्या शेजारी ठेवायची होती. मी पेटले. "बाईनं सुईनं केलं की हस्तकला, आणि पुरुषानं ब्रशनं केलं की कला?" मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटला. कॉफी सांडली. माझ्याच फाइलवर.

"आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या, "चित्रांच्या दालनात टांगून बघू. उद्घाटनाआधी मी ठरवेन. नाही शोभली तर काचेत."

म्हणून मी लेबल लिहायला बसले. नागपूरला बाबांच्या सायकलला कायम चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा बांधलेला असायचा. मी अक्षरं त्यावरच शिकले. "बंधू-भगिनींनो"ने सुरू न होणारा मजकूर मला अजून अर्धवट वाटतो. लेबलमध्ये गुलामगिरी आली, आम्हाला बंद असलेली गावची विहीर आली, शेवटी "जागे व्हा!" आलं. जर्मनमध्ये.

फ्राउ केलरनी सगळं वाचलं. "शेजारच्या चित्राला किती ओळी आहेत?"

"तीन."

"गेनाऊ, बरोबर. चित्रकार, शीर्षक, साहित्य. जे इतकं समजावून सांगावं लागतं, ते आम्ही काचेत ठेवतो, फ्राउ वानखेडे."

रजईला काचेत ढकलणारा सगळ्यात भक्कम पुरावा मीच लिहून, छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता. प्रूफसुद्धा दोनदा तपासलं होतं.

"तीन ओळी देते," मी म्हणाले.

"दुपारपर्यंत."

पहिल्या दोन सोप्या होत्या. तिसरीत "सुती कापड" लिहिणार होते, पण कापड कुठलं ते बघावं म्हणून काठ शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचला. पत्रकाच्या घाईत तेवढं राहून गेलं होतं. तिथे बाईंनीच कापडाचं सांगून ठेवलं होतं. मग लिहिलं: त्याच हॉटेलच्या जुन्या चादरी, दोरा.

दुपारी फ्राउ केलरनी तिसरी ओळ वाचली. रजईकडे बघितलं. पुन्हा तिसरी ओळ वाचली.

"राहू दे भिंतीवर," त्या म्हणाल्या आणि किटल्यांकडे निघून गेल्या.

मी कॉलिंग कार्डावरून बाबांना फोन केला.

"तीनच ओळी? आणि खाली 'आपले नम्र' कोण?"

"कुणी नाही, बाबा."

"मग लोक वाचतील कशाला?"

धडा एवढाच, की जिनं स्वतःच लिहून ठेवलंय तिच्यावर पत्रक काढू नये. निदान तिचं वाचून होईपर्यंत तरी. माझा पुठ्ठा मात्र वाया गेला नाही. कँटीनवाले त्याच्या कोऱ्या बाजूवर रोजचं सूप लिहितात. आणि ते सगळे वाचतात.