नर्मदाबाईंचा लाल ठिपका

बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर नर्मदाबाईंची खानावळ आहे. नवऱ्याला, पुंजारामांना, इथे नोकरी लागली म्हणून त्या धुळ्याकडून आल्या आणि शेजारच्या पोरांना डबे देता देता खानावळवाल्या झाल्या. आता कारखान्याची पाळी सुटली की बाकावर जागा मिळत नाही.

मुलगी अर्चना कॉम्प्युटर शिकली. एकदा भाकऱ्या उरकल्यावर तिने मोबाईल आईच्या हातात दिला. हॉटेलं तपासणारे साहेब जे शेरे देतात ते सरकारी कागदांत पडून राहतात, कोणी उघडून बघत नाही. अर्चनाने ते सगळे नकाशावर आणले होते. स्वच्छ जागेला हिरवा ठिपका, दोष असेल तिथे लाल. वाचता न येणाऱ्यालाही कळावं.

नर्मदाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि हळूच फिरवलं. बोईसर स्टेशन आलं, पालघर आलं, चिंचणीचा किनारा आला. जिथे जन्मात पाऊल टाकलं नव्हतं त्या हॉटेलांची स्वयंपाकघरं बोटाखाली उघडत होती. बाई आधी मोबाईलकडे बघत, मग पोरीच्या हातांकडे. याच हातांनी ती कणकेच्या चिमण्या करायची.

"आपली खानावळ कुठंय गं?"

अर्चना ताटं उचलायला लागली. बाईंनीच शोधलं. लाल. खाली लिहिलं होतं, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण नाही.

झाकण गच्चीवर होतं. रुंद, सपाट, काठ असलेलं. ज्वारीचे बिबडे, म्हणजे धुळ्याकडचे पापड, वाळत घालायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. नेमके त्याच दिवशी साहेब आले, काहीतरी लिहून गेले, आणि बाई विसरून गेल्या.

नकाशाचं हे ॲप सकाळी सगळ्यांसाठी सुरू होणार होतं. पुंजाराम म्हणाले, तो एक ठिपका काढ, कोणाला कळतंय. गिऱ्हाईक तुटलं तर खायचं काय? अर्चनाचा चेहरा उतरला. आई म्हणेल तर काढते, म्हणाली.

नर्मदाबाईंनी नकाशा पुन्हा चिंचणीच्या किनाऱ्याकडे सरकवला आणि तिथल्या एका हॉटेलाच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"त्या चिंचणीवाल्याचा लाल ठेवलास ना?"

"ठेवला."

"मग माझा काढून त्याला काय तोंड दाखवशील? राहू दे."

झाकण घासून पिंपावर बसलं, सुतळीने बांधलंही. पुन्हा तपासणीसाठी अर्ज गेला. पण साहेब येईपर्यंत ठिपका लालच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मे बाक रिकामे राहिले. जे आले ते मोबाईलमध्ये डोकं घालून कुजबुजत होते. बाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिल्या, कान मागे. तेवढ्यात डोंगराकडच्या पाड्यावरून कारखान्यात कामाला येणारा नवशा उठला, पिंपापाशी गेला, सुतळी सोडून आत डोकावला आणि झाकण परत नीट बसवलं.

"झाकण हाय रे," तो बाकाकडे वळून म्हणाला. "मावशी, आता बिबडं कुठं वाळवनार? आमाला मिलनार नाय का?"

बाक हसला. ताटं पुढे सरकली. रिकामे बाक मात्र रिकामेच राहिले.

संध्याकाळी बाईंनी पुन्हा नकाशा उघडून घेतला. एवढ्या हिरव्या ठिपक्यांत त्यांचा लाल लांबूनही दिसत होता. पोटच्या पोरीने बनवलेलं, आणि त्याने आईलाही सोडलं नव्हतं. त्यांनी मोबाईल पुंजारामांपुढे धरला.

"बघा तरी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "केवढं काम केलंय आपल्या पोरीनं."